पकडीतला दुसरा

समोरच्याचा घोटा धरता येणं, या एका गोष्टीवर मला नोकरी लागली. त्या नोकरीवर धाकट्या बहिणींची लग्नं झाली, डोक्यावर छप्पर आलं, मुलं शिकली. मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचो. आधी कोयनानगरच्या वसाहतीच्या संघातून, मग जिल्ह्याकडून आणि शेवटी मुंबईत एका कंपनीच्या संघातून, व्यावसायिक गटात. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्या मनगटाचं कौतुक केलं. गावाकडे सत्कार झाला तेव्हाही वक्ते मनगटावरच बोलले. मला ते ऐकवेना. त्या मनगटात कोणाकोणाचं काय आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती माणसं व्यासपीठावर नव्हती. त्यांच्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं.

कोयनानगर पाटण तालुक्यात येतं. कराडहून पाटण, हेळवाक करत एसटी वर येते आणि तोच रस्ता पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो. घाटाच्या या अंगाला देश, त्या अंगाला कोकण. देशावर तालमीचं राज्य. 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, आणि हिंदकेसरी मारुती माने सांगलीकडच्या कवठेपिरानचे. या पट्ट्यात मूल चालायला लागलं की आधी त्याची मांडी बघतात. घाटाखाली मात्र कबड्डी. कोयना धरणाच्या कामावर दोन्हीकडची माणसं आली, वसाहतीत शेजारी शेजारी राहिली आणि आम्हा पोरांना दोन्ही मिळालं. कुस्तीतला पट आणि कबड्डीतली पकड आम्ही एकाच मैदानात शिकलो.

खाशाबांचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आमच्या भागात ही गोष्ट प्रत्येक तालमीत सांगितली जाते. पदक खाशाबांचं, पण खर्डेकरांचं नाव घेतल्याशिवाय ती गोष्ट कोणी पुरी करत नाही. ही रीत मला फार मोलाची वाटते. कबड्डीत ती आली नाही, याचं मला दुःख आहे.

आबांकडे वळतो. आबा माझे नात्याने कोणी नव्हते. वसाहतीतली सगळी पोरं त्यांना आबाच म्हणायची. कोयना प्रकल्पावर ते कामगार होते. त्यांचं मूळ गाव धरणाच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या पाण्याखाली गेलं. 1950 च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं, 1962 मध्ये वीज तयार होऊ लागली आणि या दरम्यान खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. कोणी सोलापूरकडे गेलं, कोणी सांगलीकडे, कोणी ठाण्याला, कोणी कुलाब्यात, म्हणजे आताच्या रायगडात. घरदार, शेती, देवळं गेल्याचं सगळ्यांनी लिहिलं आहे. आबा त्यात आणखी एक गोष्ट धरायचे. ते म्हणायचे, ‘‘आमचा सात जणांचा संघ गेला. एकेक जण एकेका जिल्ह्यात. म्हंजे संघ मेलाच की.’’ विस्थापनाच्या कुठल्या यादीत हे नुकसान लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आबा त्या संघात डावा कोपरा खेळायचे. गाव उठल्यावर ते प्रकल्पावर कामाला लागले आणि वसाहतीत नवा संघ जमवू लागले, तोवर 11 डिसेंबर 1967 ची पहाट आली. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयना हादरली. सुमारे पावणेदोनशे माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. आबांच्या उजव्या पायावर भिंत पडली. पाय वाचला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. कोपरारक्षकाला गुडघ्यात वाकता आलं नाही तर त्याचा खेळ संपला. त्या पहाटेबद्दल ते एवढंच सांगायचे. पुढचं विचारलं की उठून जायचे.

मी त्यांच्या हाताखाली गेलो तेव्हा ते मैदानाच्या कडेला एका पालथ्या घमेल्यावर बसलेले असत, उजवा पाय समोर सरळ. कोयनेचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको; वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो आणि चार महिने मैदानाचा पत्ता लागत नाही. दिवाळीच्या सुमारास आबा माती उकरायला लावायचे. खडे वेचायचे, माती चाळायची, पाणी मारायचं, चोपायची, मग फक्कीने रेघा. मैदान आखून झालं तरी लगेच खेळायला मिळत नसे. आधी एकेकाने येऊन आबांचा तो सरळ पाय धरायचा.

हा आमचा रोजचा पाठ होता. जमिनीवर बसायचं आणि त्यांच्या घोट्याला दोन्ही हात घालायचे. एक हात टाचेच्या मागून, दुसरा पुढून. अंगठा बोटांच्या बाजूलाच हवा. अंगठा वेगळा राहिला तर झटक्यात निखळतो, म्हणून त्यावर ते काठीने टोचायचे. छाती त्यांच्या नडगीला लागली पाहिजे, डोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे चढाईपटूचा गुडघा तोंडावर येत नाही. मग पाय स्वतःच्या पोटाकडे ओढत वर उचलायचा. जमिनीवरून सुटलेला पाय लंगडा असतो, जमिनीवर टेकलेला पाय तुला घेऊन मध्यरेषेपर्यंत जातो, हे त्यांचं वाक्य. ज्या पायाने त्यांचा खेळ हिरावला तो पाय त्यांनी आमच्या हातात दिला होता. त्या वयात मला हे काही कळत नव्हतं. थंडीत तो पाय दुखायचा. चेहऱ्यावर दिसायचं, पण त्यांनी कधी मागे घेतला नाही.

दुसरा पाठ कानाचा. आता चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ आहे. आम्ही सुरुवात केली तेव्हा गावच्या मैदानावर दमाचा खेळ होता. चढाईपटू ‘कबड्डी कबड्डी’ करत आत आला की आबा घमेल्यावरून ओरडायचे, ‘‘दम ऐक त्याचा! पाय बघू नगंस, पाय फशिवतो. डोळं कंबरंवर आणि कान त्वांडावर.’’ दम सरत आला की शब्द तुटायला लागतो. ‘कबड्डी’तला शेवटचं अक्षर गिळलं जातं. तो परतायचा विचार करतो तेव्हा आधी कंबर वळते, पाय नंतर वळतो. ती कंबर वळण्याच्या आणि पाय वळण्याच्या मधला जो क्षण, तो कोपऱ्याचा. त्याआधी गेलास तर तो तुला हात लावून जातो, नंतर गेलास तर तो गेलेला असतो. पुढे मुंबईत मोठमोठ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळलो, मॅटवर खेळलो, बूट घालून खेळलो. यापेक्षा नेमकं मला कोणी काही सांगितलं नाही.

इथवरचं श्रेय आबांचं. पण घोटा धरणं ही पकडीची फक्त सुरुवात आहे, आणि न खेळलेल्या माणसाला हे कळत नाही. मी घोटा धरला की त्या क्षणी मी जमिनीवर असतो. चढाईपटू उभा असतो, नाहीतर मध्यरेषेच्या दिशेने पडत असतो. साडेपाच-सहा फुटांचा माणूस पडताना हात लांबवतो. त्याच्या बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं की पकडणारा बाद आणि त्याला शिवलेला प्रत्येक जण बाद. माझ्या हातात त्याचा पाय असतो, हात नसतो. त्याचं अंग मागे खेचायचं, हात रेषेपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, हे काम दुसऱ्याचं. तो दुसरा म्हणजे बाजूचा मध्यरक्षक. त्याने मी हलायच्या आधी हलायचं नाही आणि मी हलल्यावर क्षणभरही थांबायचं नाही. तो पोहोचला तर मी हिरो. तो अर्ध्या क्षणाने चुकला तर मी मूर्ख. पकड माझी ठरते की नाही, हे तो ठरवतो.

माझा तो दुसरा आमच्याच चाळीतला होता. पुढे माझ्या चुलत बहिणीशी त्याचं लग्न झालं, तेव्हापासून मी त्याला दाजी म्हणतो. दाजींच्या अंगात ताकद माझ्यापेक्षा जास्त आणि तोंडात शब्द कमी. सामन्यात आमचे हात साखळीत असायचे, माझा उजवा त्यांच्या डाव्यात. मी जाणार असलो की माझी बोटं आपोआप आवळली जात. त्यांना तेवढं पुरत असे. आम्ही खूण अशी कधी ठरवली नाही.

चिपळूणकडच्या एका जत्रेतला सामना सांगतो. लाल मातीचं मैदान, बाजूला गॅसबत्त्या जाऊन नुकतेच हॅलोजन आलेले, आणि समोर घाटाखालचा तेव्हाचा गाजलेला चढाईपटू. माणूस ठेंगणा, पण वीज. आम्ही एका गुणाने पुढे, आणि त्याची शेवटची चढाई. त्याने उजवीकडे दोन पावलं टाकून एकदम माझ्याकडे पाय लांबवला. मला त्याच्या दमातला तुटका शब्द ऐकू आला आणि मी गेलो. घोटा हातात आला, पण ओला होता. घामाने आणि पाण्याने माती चिकट झाली होती. मुठीतून पाय सरकतोय हे मला जाणवलं. टाच गेली, पाऊल जायला लागलं, आता नुसती बोटं हातात. तेवढ्यात माझ्यावर वजन पडलं. दाजी त्याच्या कमरेला खांद्याने भिडले होते आणि तिघेही मागे कोसळलो. त्याचा हात मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे मातीत रुतला. सरपंचांनी हात वर केला. लोक मैदानात घुसले आणि मला खांद्यावर घेतलं. मी वरून पाहिलं, दाजी एका हाताने दुसरा खांदा धरून उठत होते. खांदा तेव्हा पहिल्यांदा निखळला. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात आलं: ‘डाव्या कोपऱ्याची चित्तथरारक पकड’. माझं नाव होतं, गावाचं नाव होतं.

त्याच हंगामात मुंबईच्या एका कंपनीचे लोक खेळाडू शोधायला फिरत होते. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा आली, भारताने सुवर्ण मिळवलं, त्यानंतर कंपन्यांनी आणि बँकांनी संघ वाढवले होते. त्यांनी आमच्या सामन्यांच्या गुणपत्रिका मागवल्या. पकडी माझ्या नावावर होत्या. बोलावणं मला आलं. दाजींना आलं नाही. निवडणाऱ्यांनी जे लिहिलेलं होतं ते पाहिलं, आणि लिहिलेलं अर्धंच होतं. दाजींनी माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली, दुखऱ्या खांद्याने. ‘‘नीट जा,’’ एवढंच म्हणाले.

आबांनी एक चिठ्ठी दिली होती. पाठीमागे पत्ता, रायगड जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित गावाचा. ‘‘हितं जा. तात्या आहे. माझा दुसरा.’’

तात्यांचं घर म्हणजे पुनर्वसनात मिळालेला तुकडा, त्यावर कौलारू दोन खोल्या आणि पुढे खळं. आबांच्या संघातला मध्यरक्षक तो हा. गाव उठल्यावर दोघं पुन्हा एका मैदानात उतरले नव्हते. मी चिठ्ठी दिली. तात्यांनी वाचली, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि काकूंना सांगितलं, ‘‘हा आता हितंच राहील.’’ कंपनीची खोली मिळेपर्यंत मी तिथे राहिलो. काकू पहाटे चार वाजता चूल पेटवायच्या, मला पनवेलला जाऊन पुढची गाडी गाठायची असायची म्हणून. भाकरी, सुकट, कधी नाचणीची आंबील. पैसे द्यायचा विषय काढला की त्या ताटावरून उठून जात. ज्यांचं सगळं गेलं होतं त्या माणसांनी मला पोसलं, हे मी कुठेही सांगायला लाजत नाही.

संध्याकाळी खळ्यावर तात्या माझा वर्ग घ्यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘आबानं तुला धराया शिकिवलं. मी तुला जायाला शिकिवतो.’’ कोपऱ्यावरच्या माणसाने दुसऱ्या कोपऱ्याने पकड घातल्यावर काय करायचं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पाय कुठून उचलायचा, धावत जाताना साथीदाराच्या अंगावर न पडता कसं शिरायचं, हात आधी कुठे घालायचा. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याने मध्यरेषेच्या बाजूनेच शिरायचं, म्हणजे स्वतःच्या अंगाची भिंत होते. मागून धरलं तर तो आपल्यालाही ओढून नेतो. मी विचारलं, ‘‘तात्या, आबांच्या पकडी तुम्ही किती पुऱ्या केल्यात?’’ त्यांनी बंडी बाजूला करून गळ्याखालचं हाड दाखवलं. दोन ठिकाणी मोडून वाकडं जुळलेलं होतं. ‘‘मोजल्या न्हाईत. हितं हायत,’’ म्हणाले.

कंपनीच्या संघात मला टिकवलं ते या दुसऱ्या शिक्षणाने. घोटा धरणारे मुंबईत पुष्कळ होते. गिरणगावातली मैदानं अशा पोरांनी भरलेली. पण उजव्या कोपऱ्याने पकड घातली की पलीकडून सगळ्यात आधी पोहोचणारा डावा कोपरा प्रशिक्षकांना हवा होता. माझी निवड आबांच्या विद्येवर झाली आणि नोकरी कायम झाली तात्यांच्या विद्येवर.

माझ्या लग्नाला तात्या कोयनानगरला आले. मे महिना होता. पाणी खूप खाली गेलं होतं आणि जलाशयाच्या काठाला चिखलाची भेगाळलेली जमीन उघडी पडली होती. आबा आणि तात्या सकाळीच निघाले, मी आणि दाजी त्यांच्या मागे. आबांना एका बाजूने मी धरलं होतं. गाव तिथे कुठे दिसणार होतं, ते अजून खोल. पण दोघंही हात दाखवून वाद घालायला लागले. आबा म्हणत होते मैदान देवळाच्या उजव्या हाताला, तात्या म्हणत होते डाव्या. मग आबा म्हणाले, ‘‘तू माझ्या उजव्या अंगाला हुबा ऱ्हायचास, तुझं उजवं ते माझं डावं कसं व्हईल?’’ तात्या जरा वेळ गप्प राहिले आणि ‘‘व्हय, तुझंच खरं,’’ म्हणाले. मला खात्री आहे की तात्यांचंच बरोबर होतं. त्यांनी तिथेही आबांची पकड पुरी केली.

आता थोडं दूरचं सांगतो. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने मला तिथला फुटबॉल टीव्हीवर दाखवला. शिरस्त्राण घातलेली माणसं एकमेकांवर आदळतात, एवढंच मला आधी दिसलं. मग त्याने बचावाच्या पहिल्या ओळीतली माणसं दाखवली, हात जमिनीला टेकवून ओणवी बसलेली, त्यांना डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. आणि मी सावरून बसलो. चेंडू हलला की यांनी समोरची भिंत फोडून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला त्याने फेकायच्या आत जमिनीवर आणायचं. त्याला सॅक म्हणतात. हे आपलंच काम आहे. दोन-चार क्षणांत संपणारं, जमिनीलगतचं, आणि एकट्याने न होणारं.

भाच्याने मला डीकन जोन्सची गोष्ट सांगितली. 1961 ते 1974 खेळलेला हा लाइनमन. लॉस एंजेलिस रॅम्सच्या ज्या चौघांच्या फळीचा तिथे दरारा होता, त्यातला तो एक. बाकीचे मर्लिन ऑल्सन, रोझी ग्रियर आणि लमार लंडी. सॅक हा शब्द रूढ केला तो जोन्सनेच. पण तिथल्या लीगने सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली 1982 मध्ये, तोवर तो निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. ज्याने कामाला नाव दिलं त्याच्या नावावर अधिकृत आकडा शून्य. जोन्स 2013 मध्ये गेला. पुढे 2021 मध्ये काही अभ्यासकांनी जुन्या सामन्यांच्या नोंदी चाळून 1960 पासूनचा हिशोब मांडला, तेव्हा त्याच्या नावावर 173.5 सॅक निघाले.

मला त्या एकशे त्र्याहत्तरपेक्षा त्यापुढच्या अर्ध्याने थांबवलं. मी विचारलं, हा अर्धा कसला? भाचा म्हणाला, ‘‘मामा, दोघांनी मिळून पाडलं की दोघांना अर्धा-अर्धा देतात.’’ जोन्सच्या शेजारी, डाव्या बाजूलाच, मर्लिन ऑल्सन उभा राहायचा. आतली जागा त्याची. तो समोरच्यांना गुंतवून धरायचा, जागा बदलायचा, आणि जोन्सला बाहेरून वाट मिळायची. ऑल्सनचं तिथे मोठं नाव आहे, चौदा वेळा तो वर्षाच्या सर्वोत्तमांच्या सामन्यासाठी निवडला गेला. पण मला तो दाजींच्या जागेवर दिसला. परक्या देशातल्या परक्या खेळाने माझ्या दाजींसाठी अर्धा रकाना ठेवला होता. आमच्या खेळाने ठेवला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली आणि बचावाचे दिवस पालटले, हे मान्य करायलाच हवं. पकडीचे गुण खेळाडूच्या नावावर पडद्यावर दिसू लागले. तीन किंवा कमी गडी उरलेले असताना केलेल्या पकडीला दोन गुण, ती अव्वल पकड. एका सामन्यात पकडीचे पाच गुण केले की त्याचा वेगळा मान. त्याआधी आमच्या सातारा-सांगलीच्या पोरांना विचारलं की त्यांच्या तोंडी चढाईपटूच असायचे, आणि त्यातही गैर काही नाही; 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघातला सांगलीचा नितीन मदने, कासेगावचा काशिलिंग आडके, ही आमच्याच मातीतली रत्नं. पण आता पोरं गिरीश इर्नाकसारखा डावा कोपरा व्हायचं म्हणतात, विशाल मानेसारखा मध्यरक्षक व्हायचं म्हणतात. इराणचा फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यावर खेळून लीगचा सुलतान म्हणवला गेला आणि पकडीच्या गुणांत सगळ्यांच्या पुढे गेला.

2015 चा अंतिम सामना आबांनी कोयनानगरला, माझ्या भावाच्या घरी टीव्हीवर पाहिला. मी रजा काढून गेलो होतो. यू मुंबा विरुद्ध बंगळुरू बुल्स. मुंबाचे कोपरे सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मधे जीवा कुमार आणि आपला विशाल माने. घरातली सगळी पोरं अनुप कुमारच्या चढाईकडे डोळे लावून होती. आबा मुंबाच्या चढाईच्या वेळी चहा प्यायचे आणि बचावाच्या वेळी कप खाली ठेवायचे. मोहितने घोटा धरला की पोरं मोहितचं नाव ओरडत. आबा ओरडायचे, ‘‘मधला बघा! मधला आला म्हणून!’’ विशाल माने धडकून आत शिरला की ते खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचे. मुंबाने 36-30 ने जिंकलं. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तात्या आज असता तर ह्यो मान्या त्याला आवडला असता.’’ तात्या तेव्हा नव्हते. पुढे 2018 च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, तेव्हा आबाही नव्हते. त्या दोघांची मला त्या दिवशी फार आठवण झाली.

लीगने इतकं दिलं, तरी एक गोष्ट राहिलीच. पकडीचा गुण आजही एकाच्याच नावावर लागतो. ज्याने सुरुवात केली, किंवा ज्याची पकड निर्णायक दिसली, त्याच्या. जो दुसरा आला त्याच्या खात्यात काही नाही. त्याचे खांदे, त्याची हाडं, त्याची वेळ साधण्याची अक्कल, यातलं काही आकड्यात उतरत नाही. आणि निवड, नोकरी, बोली हे सगळं आकड्यांवर होतं. म्हणून हे मानसन्मानापुरतं नाही, भाकरीचं आहे. दाजींना त्या वेळी निम्म्या पकडी लिहून मिळाल्या असत्या तर कंपनीचं बोलावणं दोघांना आलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

दाजी पाटणच्या बाजूला शेती करतात, भात आणि भुईमूग. खांदा अजून निखळतो; आता ते स्वतःच बसवतात. त्यांनी मला आयुष्यात याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. मी विषय काढला की म्हणतात, ‘‘तू धरलास म्हणून मी आलो. न्हाईतर कशाला आलो असतो?’’ मी निवृत्त होऊन परत आल्यावर आम्ही दोघांनी वसाहतीतल्या मुलांना शिकवायला घेतलं आहे. मी धरायला शिकवतो, ते जायला शिकवतात. मुलींचाही संघ झाला आहे, आणि त्यात एक मध्यरक्षक अशी आहे की तात्यांनी पाहिली असती तर सुखावले असते.

पाटण, कराड, शिराळा, इस्लामपूर, चिपळूण, जिथे कुठे तुमच्या मंडळाची स्पर्धा भरत असेल तिथल्या गुणलेखकाला माझी हात जोडून एक विनंती आहे. संघाचा गुण नियमाप्रमाणे लिहा, त्यात आपला हात नाही. पण शेजारी पकडीचा एक वेगळा रकाना आखा आणि त्यात दोन नावं लिहा. पहिल्याचा अर्धा, दुसऱ्याचा अर्धा. बक्षीस देताना आणि पुढच्या निवडीसाठी नावं कळवताना तो रकाना वाचा. कोयनानगरच्या स्पर्धेत आम्ही अशी वही सुरू केली आहे. कशी भरायची हे बघायचं असेल तर संध्याकाळी वसाहतीच्या मैदानावर या. दाजी तिथेच असतात, ते दाखवतील.